दाजींचे दोन मस: एकाच दिवशी, दोन पद्धतींनी काढले, अंगाला काय काय झालं

केस आमच्या दाजींची आहे. त्यांना विचारूनच लिहितोय, नाव टाकायचं नाही एवढीच अट. वय चाळिशीच्या पुढे, अंबड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम, घर जुन्या नाशकात. शुगर नाही, बीपी नाही, रक्त पातळ करायची कुठली गोळी चालू नाही. अंगावर लहानपणापासून भरपूर तीळ, पण काढायची वेळ आली ती दोनच मसांची. पहिला डाव्या जबड्यावर, फुगीर, मऊ, जवळपास कातडीच्याच रंगाचा, त्यातून दोन जाडे केस बाहेर आलेले, साधारण ५ मिमीचा. सलूनमध्ये दर थोड्या दिवसांनी हमखास कापला जायचा, मग तुरटी, मग रुमाल, तरी कॉलरला रक्त लागायचंच. दुसरा पाठीवर कमरेच्या जरा वर, बरोब्बर पँटचा पट्टा घासतो तिथे, काळपट तपकिरी, ८ मिमीचा. ह्याच्याकडे दाजींचं स्वतःचं कधी लक्षच गेलं नव्हतं, आपली पाठ आपल्याला कुठे दिसते. ताईनेच पाहिलं की ह्याची एक कड हल्ली जास्त काळी झालीये आणि दाजी झोपेत पण तिथे खाजवतात.

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे ऑपरेशनमध्ये कापून काढलेले मस, गाठी, अपेंडिक्स सगळं तपासायला आमच्याच टेबलावर येतं. त्यामुळे घरात कुणाच्या अंगावर काही उगवलं की फोन मला, आणि प्रश्न ठरलेला, दुखतं का रे? आता ह्याला एक उत्तर नाही. मस कोणत्या पद्धतीने काढला आणि तो अंगावर कुठे होता ह्यावर सगळं आहे. दाजींची केस लिहावीशी वाटली ती एवढ्यासाठीच, माणूस तोच, डॉक्टर त्याच, दिवस तोच, आणि तरी दोन मसांचा अनुभव इतका वेगळा की दाजी म्हणाले गालाचं मी विसरून पण गेलो आणि पाठ मात्र रोज आठवण करून देते.

डॉक्टरकडे जायच्या आधी जे व्हायचं ते सगळं झालंच. कंपनीतल्या एकाने सांगितलं घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांध, आठ दिवसांत गळून पडेल. एकाने सांगितलं जत्रेत गोंदणवाले बसतात ते चुना-सोडा लावून पाच मिनिटांत काढतात. ह्या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. चुना आणि धुण्याचा सोडा ओला करून एकत्र केला की त्यातून कॉस्टिक सोडा तयार होतो, तोच जो तुंबलेलं ड्रेनेज मोकळं करायला टाकतात. तो मस जाळतो हे खरं, पण कुठे थांबायचं हे त्याला कळत नाही, कातडी खोलवर भाजते आणि नंतर तिथे मसापेक्षा मोठा खड्डा नाहीतर जाड वळ राहतो. वर जे जळून गेलं ते तपासायला काहीच उरत नाही. आणि आजीचं म्हणणं वेगळंच, मसाला हात लावला की कॅन्सर होतो. तसं काही नसतं. कापल्यामुळे साध्या मसाचा कॅन्सर होत नाही, जो मस आधीच बिघडलेला होता तो कापल्यावर कळतो आणि लोकांच्या डोक्यात उलटा क्रम बसतो.

गंगापूर रोडला एका स्किनच्या डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी डर्मोस्कोप लावला, म्हणजे लाइट असलेलं छोटं भिंग, मसावर टेकवून आतला रंग कसा पसरलाय ते बघतात, हे अजिबात दुखत नाही, फक्त जेल थंड लागतं. बघायचं काय तर पाच गोष्टी: दोन अर्धे एकसारखे आहेत का, कड सरळ आहे की वेडीवाकडी, रंग एकच आहे की दोन-तीन, आकार ६ मिमीच्या वर आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदलतोय का. जबड्यावरचा मस ह्या सगळ्यात पास. पाठीचा मात्र दोन-तीन ठिकाणी अडकला. मॅडम म्हणाल्या घाबरायचं कारण दिसत नाही, पट्ट्याच्या घासण्यानेही असं होतं, पण हा मी जाळणार नाही आणि वरवर खरवडणारही नाही, हा पूर्ण काढायचा आणि तपासायला पाठवायचा. आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे मसासारखा दिसणारा कातडीचा कॅन्सर, कमीच दिसतो, आणि सावळ्या कातडीत झालाच तर बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो, त्यामुळे मॅडमनी दाजींना बूट-मोजे काढायला लावून तळपाय पण बघितले. दाजी दिवसभर सेफ्टी शूज घालून आलेले, त्यांना भयंकर लाज वाटली, पण तपासणी अशीच व्हायला पाहिजे.

दाजींना दोन्हीकडे लेझरच पाहिजे होतं, टाके नको म्हणून. लेझर किंवा रेडिओफ्रिक्वेन्सीने मस जाळता येतो, छोट्या आणि नक्की साध्या मसाला करतातही, पण त्यात मसाची वाफ होते, लॅबला पाठवायला तुकडा हातात राहत नाही. हे पेशंटला कुणी नीट सांगत नाही. तेव्हा ठरलं असं की जबड्याचा शेव्ह करून, म्हणजे ब्लेडने कातडीच्या पातळीला सपाट कापून, टाका न घालता. आणि पाठीचा एक्सिजन करून, म्हणजे भोवतीची थोडी चांगली कातडी धरून पूर्ण जाडीतून, टाके घालून.

उपाशी जायचं नसतं हे आधी सांगतो. लोकल भूल असते, पोट भरून गेलेलं उलट बरं, रिकाम्या पोटी सुई बघून चक्कर येणारे पुष्कळ. चालू गोळ्या, मागे कधी भुलेची रिअॅक्शन, छातीत पेसमेकर, मागे एखाद्या जखमेचा जाड वळ आलेला असेल तर ते, हे सगळं सांगायचं. अॅस्पिरिन वगैरे चालू असेल तर आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टर ठरवतील. दाजींना हातावर लिग्नोकेनचा, म्हणजे भुलेच्या औषधाचा, टेस्ट डोस दिला, थोडा वेळ बसवलं, टीटीचं इंजेक्शन दिलं आणि मग टेबलावर पालथं.

मी बाजूलाच उभा होतो. पाठ बीटाडीनने पुसली तेव्हाच दाजींचं अंग शहारलं, एसी फुल आणि लिक्विड गार. मॅडमनी मसाभोवती पेनाने डोळ्याच्या आकाराची खूण काढली आणि दाजींनी मोबाइलवर फोटो मागून बघितला आणि एकदम उठायलाच लागले, अहो एवढं कशाला कापताय? हा धक्का बहुतेकांना बसतो म्हणून हिशोबच सांगतो. मस ८ मिमी, दोन्ही बाजूंना २-२ मिमी चांगली कातडी, झाली १२ मिमी रुंदी. गोल भोक तसंच ओढून शिवलं तर दोन्ही टोकांना कातडीचे कोंब उभे राहतात, म्हणून लांबी रुंदीच्या साधारण तिप्पट घ्यावी लागते, म्हणजे साडेतीन सेंटीमीटर. मस बोटाच्या नखाएवढा आणि टाक्यांची रेघ अर्ध्या बोटाएवढी, असंच असतं, डॉक्टरने जास्त कापलं असं नसतं.

मग इंजेक्शन. अख्ख्या प्रकरणात खरं दुखणं इथेच. सुई बारीक असते, तिचं टोचणं मुंगी चावल्याएवढं, पण औषध आत जायला लागलं की जळजळतं. ते का तर लिग्नोकेन, त्यातून अॅड्रेनालीन मिसळलेलं, आम्ल असतं. काही डॉक्टर त्यात आम्ल मारायला थोडं सोडाबायकार्ब मिसळतात, त्याने जळजळ बरीच कमी होते, आणि औषध सावकाश सोडलं तरी कमी होते. दाजींनी टेबलाची कड धरली, "आई गं" म्हणाले, दहा-पंधरा सेकंद, आणि मग दुसऱ्या टोकाला परत एकदा, पण दुसऱ्या वेळी सुई आधीच बधिर झालेल्या भागातून घातलेली म्हणून निम्मंच. जागा फुगली आणि आजूबाजूची कातडी पांढरी पडली. ते अॅड्रेनालीनमुळे, रक्तवाहिन्या आवळतात, रक्त कमी येतं, भूल जास्त वेळ टिकते. बधिरपणा दोन-तीन मिनिटांत येतो पण रक्तवाहिन्या नीट आवळायला दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात, म्हणून मॅडम हात पुसून दुसऱ्या पेशंटकडे गेल्या आणि दाजींना वाटलं आपल्याला विसरल्या. ह्याच वेळात त्यांची छाती धडधडायला लागली, हात थरथरले, मला म्हणाले अरे मला काहीतरी होतंय. हेही अॅड्रेनालीनचंच, थोडी भीतीची भर. नर्सताईंनी पल्स बघितला, बोलण्यात गुंतवलं, पाच-सात मिनिटांत ओसरलं. आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही. कुणाला उलट होतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात सूं आवाज, अशा वेळी लगेच सांगायचं, झोपलेलं असताना पाय वर केले की बरं वाटतं.

कापायच्या आधी मॅडमनी सुईने टोचून विचारलं, टोकदार लागतंय का? दाजी म्हणाले लागतंय, पण टोकदार नाही. हाच तो फरक. भूल दुखणं घालवते, स्पर्श घालवत नाही. दाब कळतो, ओढणं कळतं, कुणीतरी पाठीवर काम करतंय हे पूर्ण कळतं. लोकांना वाटतं काहीच कळणार नाही, मग ओढल्याचं जाणवलं की भूल चढलीच नाही म्हणून घाबरतात. टोकदार दुखलं तर मात्र सहन करत बसायचं नाही, सांगायचं, अजून औषध देतात.

कापणं दोन-तीन मिनिटांचं. दाजींना आवाज ऐकू येत होते, कात्रीचा कुरकुर आवाज, चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा खण्. मग कॉटरी, बारीक रक्तवाहिन्या जाळून बंद करायला. ह्याचा गूंऽ आवाज आणि केस जळल्याचा वास. दाजी म्हणाले सगळ्यात वाईट तो वास, कारण दुखत तर काही नाही पण आपलंच मांस जळतंय हे नाकाला कळतं. माझ्या मते हे डॉक्टरांनी आधी सांगून टाकलं पाहिजे, एक वाक्य पुरतं. मग आतून विरघळणारे टाके, वरून काळे नायलॉनचे. दोरा खेचताना कातडी उचलली जाते ते दाजींना कळत होतं, आणि शेवटच्या टाक्यांना म्हणाले पाठ आखूड झाल्यासारखी वाटतेय. टाके मोठ्या सुईने लागत असतील असा त्यांचा समज होता, सुई दाखवली तेव्हा बारीक अर्धगोल कडी निघाली.

जबड्याचं काम त्यापुढे अगदीच किरकोळ. इंजेक्शन इथे जास्त झोंबलं, चेहऱ्याची कातडी नाजूक, डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. मॅडमनी मस दोन बोटांत वर उचलला, पातळ लवचिक ब्लेड आडवं फिरवलं, संपलं, मिनिटभर पण नाही. वरून औषध लावून रक्त थांबवलं, व्हॅसलीनसारखं मलम, छोटी पट्टी. दाजी विचारतात, सुरू करताय ना? अहो झालं. केसांचं मात्र मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, शेव्हमध्ये केसाचं मूळ खोल राहून जातं, त्यामुळे मस गेला तरी केस परत येऊ शकतो.

आता माझ्या कामाची गोष्ट. दोन्ही तुकडे दोन वेगळ्या डब्यांत, १० टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा सडू नये म्हणून वापरतात त्या द्रावणात, प्रत्येक डब्यावर नाव, जागा, बाजू लिहून. पाठीच्या तुकड्याच्या एका टोकाला मॅडमनी दोरा बांधला होता आणि फॉर्मवर लिहिलं होतं, दोरा १२ वाजताच्या दिशेला. म्हणजे समजा रिपोर्टमध्ये एखाद्या कडेला काही राहिलं असं निघालं तर नक्की कुठली कड ते परत शोधता येतं. हे करणारे डॉक्टर बघितले की आम्हाला लॅबमध्ये फार बरं वाटतं, कारण आमच्याकडे मस कापसात गुंडाळून, साध्या पाण्यात, एकदा तर गोळ्यांच्या पाकिटात घालून आलेलाय, आणि सुकलेल्या किंवा सडलेल्या तुकड्यात पेशी नीट दिसत नाहीत. फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट तरी लागतं. तुकडा आला की मोजायचा, कडांना शाई लावायची, चकत्या करायच्या, रात्रभर मशीनमध्ये अल्कोहोल, झायलीन, मेण, सकाळी मेणाचा ब्लॉक, त्यातून चार-पाच मायक्रॉनचे काप, मग निळा-गुलाबी रंग. म्हणून रिपोर्टला तीन-चार दिवस सहज लागतात. मला फोन करून लवकर कर म्हणून उपयोग नसतो, मेण कुणाच्या ओळखीने लवकर मुरत नाही. दाजींची स्लाइड मी बनवली नाही, सहकाऱ्याला दिली, हात स्थिर राहिला नसता.

घरी येईपर्यंत भूल होती. दाजी बाइकवर बसायला निघाले होते, रिक्षा केली. दोन-तीन तासांनी पाठीची भूल उतरली आणि ठणका सुरू झाला. भाजल्यासारखा, नाडीबरोबर मारणारा. पॅरासिटामॉल भूल उतरायच्या आधीच घ्यायची, हे मॅडमनी सांगितलेलं दाजींनी ऐकलं नाही, दुखल्यावर बघू म्हणाले, मग गोळी लागू पडेपर्यंत तासभर कुशीवर पडून राहिले. पहिल्या रात्रीचा ठणका सगळ्यात जास्त, दुसऱ्या दिवसापासून उतरत जातो. उतरायच्या ऐवजी दोन-तीन दिवसांनी वाढायला लागला, लाली पसरायला लागली, जागा गरम, पू, ताप, तर मात्र ताबडतोब डॉक्टर, ते इन्फेक्शन असतं. आणि पट्टीतून रक्त आलं तर स्वच्छ कापडाने १५-२० मिनिटं सलग दाबून धरायचं, दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, बघितलं की गुठळी निघते आणि परत पहिल्यापासून. दाजींना दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टीवर रुपयाएवढा डाग दिसला, तेवढं चालतं.

पाठीचा खरा त्रास दुखण्याचा नव्हता, ओढण्याचा होता. वाकलं की ओढतं, मोजे घालताना ओढतं, शिंकलं की ओढतं, गाडीची किक मारायचा तर विषयच नाही. कमरेची कातडी दिवसभर किती हलते हे तिथे टाके पडल्यावर कळतं. कंपनीत जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, उचलून मशीनच्या पकडीत बसवायचा म्हणजे वाकणं आलंच, वर कूलंटचे शिंतोडे, त्यामुळे टाके निघेपर्यंत बसून काम मागून घेतलं. साहेबांनी मस काढलाय म्हटल्यावर हसून घेतलं, टाके दाखवल्यावर गप्प. पट्टा बंद, नाडीची ट्रॅक पँट. पाठीला टाके असले की उताणं झोपता येत नाही, दाजी उताणं झोपणारे, त्यामुळे झोपेचं खोबरं. चार-पाच दिवसांनी टाक्यांभोवती निळं-पिवळं झालं, ते मुका मार लागल्यावर होतं तसंच असतं, आपोआप जातं. आणि मग खाज. दुखण्यापेक्षा खाज वाईट असं दाजींचं ठाम मत आहे. नायलॉनची टोकं बनियनला टोचायची ते वेगळंच, ताईने बनियन उलटं घालायला लावलं, शिवण बाहेर.

जबड्याचं ह्याच दिवसांत काय चाललं होतं? तर खरचटल्यासारखी गुलाबी गोल जखम, ओलसर. दाजींचा जुना सिद्धांत असा की जखम उघडी ठेवावी, हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी. हे आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, पण उलट मलम लावून ओलसर झाकून ठेवलेली जखम लवकर भरते आणि डाग कमी राहतो, कारण नवीन कातडीला खपलीखालून वाट काढत बसावं लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखमेवर पिवळट पातळ थर आला आणि ताईचा मला व्हिडिओ कॉल, पू झालाय. तो पू नव्हता. फायब्रिनचा थर, जखम भरताना येतोच, वास नाही, दुखणं नाही, आजूबाजूला लाली नाही. खरवडून काढायचा नाही, साध्या पाण्याने साबणाने हलकं धुवून परत मलम. चावताना, जांभई देताना थोडं चुरचुरायचं तेवढंच. दोन आठवड्यांच्या आत तिथे सपाट गुलाबी कातडी आली. दाढी त्या भागापुरती बंद, त्यामुळे अर्धी बाजू वाढलेली घेऊन हिंडत होते.

तारीख घेताना एक गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. ऑपरेशन होळीच्या आधी, आणि पाठीचे टाके दहा ते चौदा दिवस ठेवायचे, म्हणजे मधे रंगपंचमी. बाहेरच्या लोकांना सांगतो, नाशिकची रंगपंचमी म्हणजे रहाड. पेशव्यांच्या काळापासूनचे दगडी हौद, एरवी माती टाकून बंद असतात, रंगपंचमीला उघडतात, रंगाचं पाणी भरतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात. तिवंधा, शनी चौक, जुन्या नाशकात वाढलेला माणूस रहाडीत उडी न मारता रंगपंचमी करत नाही. दाजींनी मॅडमना फोन करून विचारलं, वॉटरप्रूफ पट्टी लावली तर? मॅडम नाशिकच्याच, त्यांना रहाड समजावून सांगायची गरज पडली नाही, त्या म्हणाल्या शेकडो लोक उतरलेल्या पाण्यात टाके घेऊन उतरायचं नाही, आणि वरून उडी मारताना पाठीला जो ताण बसेल त्यात टाके तुटले तर मी परत शिवणार नाही. शिवल्या असत्याच, पण धमकी लागू पडली. शॉवर चालतो, पाणी वाहून गेलं पाहिजे आणि नंतर हलकं टिपून कोरडं करायचं. हौद, स्विमिंग टँक, गोदेत डुबकी हे टाके निघून जखम पूर्ण बंद होईपर्यंत नाही. तेव्हा तारीख घेताना कॅलेंडर बघा, सण, लग्न, गावची जत्रा, द्राक्षाचा हंगाम असेल तर तो पण. चेहऱ्याला टाके पडले तर ते पाच-सात दिवसांतच निघतात, पाठ आणि पाय सगळ्यात जास्त वेळ खातात.

टाके काढायला दाजी इंजेक्शनएवढेच घाबरले होते आणि तिथे काहीच नव्हतं. दोरा चिमट्याने उचलतात, कापतात, ओढतात, प्रत्येकाला बारीक चिमटा. एका टाक्यावर खपली चिकटली होती तो जरा झोंबला, आधी सलाइनने भिजवला असता तर तेवढाही झोंबला नसता. वरून कागदी चिकटपट्ट्या लावल्या. टाके निघाले म्हणजे कातडी जुळली असं दाजींना वाटलं आणि त्याच संध्याकाळी गॅस सिलिंडर उचलायला निघाले, ताई ओरडली म्हणून वाचले. जखम वरून बंद दिसते पण तीन आठवड्यांनी सुद्धा मूळ कातडीच्या साधारण पाचव्या हिस्स्याएवढीच ताकद आलेली असते, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांपर्यंत जाते आणि शंभर कधीच होत नाही. पाठीचा व्रण रुंद का होतो ते इथेच कळतं, पाठीची कातडी सतत ताणात असते, कितीही सुंदर शिवलं तरी रेघ पुढच्या महिन्यांत पसरते.

रिपोर्ट दोन्ही साधे. नेव्हस म्हणजे साधा मसच. पाठीचा कंपाउंड मेलानोसायटिक नेव्हस, म्हणजे कातडीच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांत पेशी असलेला, घासल्यामुळे वरच्या थरात जाडी आणि सूज, कडा मोकळ्या, म्हणजे कडेपर्यंत मसाच्या पेशी नाहीत. जबड्याचा इंट्राडर्मल नेव्हस, म्हणजे फक्त खालच्या थरातला, खालच्या कडेला नेव्हसच्या पेशी पोहोचलेल्या. हे दुसरं वाक्य वाचून ताई हादरली, काहीतरी राहिलं म्हणजे काय? शेव्हमध्ये बुडाशी थोड्या पेशी राहतातच, मस साधा असेल तर त्याने काही बिघडत नाही, फार तर काही महिन्यांनी तिथे बारीक रंग परत येतो किंवा थोडा फुगवटा. पण हा जुना रिपोर्ट जपून ठेवायचा, कारण परत आलेला रंग व्रणात वेडावाकडा पसरतो आणि उद्या दुसऱ्या डॉक्टरने किंवा दुसऱ्या लॅबने तो पहिल्यांदा पाहिला तर मेलानोमाची शंका येण्याएवढा विचित्र दिसू शकतो. आमचे पॅथॉलॉजिस्ट सर फॉर्मवर आधी कधी शेव्ह झालंय का एवढंच लिहा म्हणून डोकं फोडून घेतात.

सध्याची स्थिती अशी. जबड्यावर फिकट सपाट ठिपका, जवळून बघितला तरच दिसतो, एक केस परत आलाय, तो कात्रीने कापतात. सुरुवातीला तिथे तपकिरी झाक आली होती, आपल्या कातडीत ती येतेच, उन्हात जास्त गडद होते, म्हणून एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन रोज लावायला सांगितलं होतं, दाजींनी महिनाभर लावलं आणि सोडून दिलं, तरी फिकी पडली. पाठीची रेघ आधी लालसर आणि खाली बोटाला गाठ लागणारी, ती आतल्या विरघळणाऱ्या टाक्यांची, काही आठवड्यांत मऊ झाली. रेघेच्या खालचा एक छोटा पट्टा अजून बधिर आहे आणि कधीकधी बारीक करंट मारल्यासारखं होतं, कापलेल्या बारीक नसा परत वाढताना होतं तसं, दुखत नाही. व्रण शांत व्हायला वर्ष लागतं, तेव्हा आत्ताच त्याच्यावर मत देण्यात अर्थ नाही. जाड वळ आला नाही हे नशीब, छाती, खांदा, कानाची पाळी, जबड्याची कड ह्या जागा त्यासाठी बदनाम आहेत आणि घरात कुणाला तसा वळ येत असेल तर निव्वळ दिसण्यासाठी तिथला मस काढायच्या आधी दहादा विचार करावा.

आता ताईला मानेवरचे बारीक लोंबते चामखीळ काढायचेत, मंगळसूत्राला अडकतात. तिला अर्थातच लेझर पाहिजे, आणि ह्यावेळी लेझर किंवा कॉटरी चालण्यासारखी आहे, मॅडमनी डर्मोस्कोप लावून बघितलंय. फक्त तारीख तिने लग्नसराई संपल्यावरची घेतलीये.